पेरणीयंत्रातील हवा वेळीच काढा

वाफसा आला की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्राचा हायड्रॉलिक सिलिंडर धक्के देत चालू लागला, तर त्यात हवा शिरल्याची शक्यता असते. दाबाखाली तेल जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. नळी बदलल्यास किंवा तेलाची पातळी घटल्यास हवा आत जाते. अशा वेळी पुस्तिकेनुसार तेल भरावे, इंजिन मंद ठेवून सिलिंडर अनेकदा पूर्ण पुढे-मागे चालवावा व पातळी पुन्हा तपासावी. उचललेला भाग अचानक खाली येऊ शकतो. म्हणून जवळ कोणी थांबू नये. गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील तेल त्वचेत घुसते. कर्जाऊ यंत्राचा हप्ता साधलेल्या पेरणीतूनच फिटतो. ही तपासणी पावसापूर्वीच व्हावी.