दूध त्रिकोणी, दूध चौकोनी!

दोस्तांनो, भिवंडी म्हटलं की काय आठवतं? यंत्रमागांची खडखड! पण मुंबई-नाशिक महामार्गालगत बघा, गोदामंच गोदामं. कितीतरी माल आधी इथे उतरतो आणि मग मुंबई-ठाण्याच्या दुकानांत जातो. आता एक कोडं. मे महिन्याच्या उकाड्यात पिशवीतलं दूध बाहेर राहिलं तर संध्याकाळपर्यंत नासतं. मग कागदी खोक्यातलं दूध फ्रिजशिवाय काही महिने कसं टिकतं?

उत्तरासाठी जरा मागे जाऊ. आजी-आजोबांना विचारा, मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं. बाटली जड, हातातून सुटली की खळ्ळकन फुटायची! शिवाय रिकामी परत न्या, धुवा. अमेरिकेतही हीच तऱ्हा होती. तिथल्या जॉन व्हॅन वर्मर या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थांनी १९१५ साली कागदी खोक्याचं पेटंट घेतलं. खोकी सपाट घडीनेच डेअरीत पाठवायची. तिथे ती उलगडून, मेण लावून दूध भरायचं.

स्वीडनमध्ये रूबेन राउसिंग यांच्या कंपनीतल्या एरिक वॉलेनबर्ग यांना १९४४ मध्ये आणखी सोपी युक्ती सुचली. तुम्हीच करून बघा ना! २१ सेंमी लांब, ९ सेंमी रुंद कागद घ्या. लांबीची दोन्ही टोकं १ सेंमी एकमेकांवर चिकटवून ९ सेंमी उंचीची नळी करा. नळीचं खालचं तोंड आडवं चेपा, वरचं उभं. दोन्ही चिकटपट्टीने बंद करा. झाला की नाही समोसा? चार त्रिकोणांचा हा चतुष्फलक, म्हणजेच टेट्राहेड्रॉन! यंत्रात तर दुधाने भरलेली नळीच दुधाच्या पातळीखाली चिमटून बंद करत जायची. आत हवा शिरणार कुठून?

१९५२ मध्ये लुंड गावच्या डेअरीत असं पहिलं यंत्र आलं. पण समोसे एकावर एक रचणार कसे? म्हणून १९६३ मध्ये विटेसारखं चौकोनी खोकं आलं. विटा कशा, फट न ठेवता रचता येतात! ट्रकमध्ये आणि गोदामात जागा वाया जात नाही.

आता कोड्याचं उत्तर. दूध काही सेकंदच सुमारे १३५ ते १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, लगेच थंड करतात आणि जंतुविरहित खोक्यात भरतात. खोक्यात कागद बळकटी देतो, प्लास्टिकचे पातळ थर ओल अडवतात, ॲल्युमिनियमचा थर उजेड आणि हवा अडवतो. मात्र खोकं फोडलं, की दूध फ्रिजमध्येच ठेवायचं हं!

पण जे थर दुधाला जपतात, तेच नंतर डोकेदुखी होतात. ते सुटे करायला खास कारखाना लागतो. मुंबईत गोळा केलेल्या अशा खोक्यांपासून शाळांचे बाकही बनले आहेत. पण गटारात किंवा ओल्या कचऱ्यात पडलेल्या खोक्याचा बाक कसा होणार? म्हणून आई-बाबांनाही सांगा : रिकामं खोकं विसळा, वाळवा आणि सुक्या कचऱ्यात द्या. आणि हो, देण्याआधी चेपून सपाट करा. व्हॅन वर्मरचं खोकं डेअरीत सपाट होऊनच जायचं; आपलं खोकंही सपाट होऊनच परत जाऊ दे!