बिरड्याचा सण आणि जेरुसलेम

कोकणातला बेने इस्रायल हा ज्यू समाज पावसाळ्यात एक दिवस उपास पाळत असे. त्या दिवसाला वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' असे नाव पडले होते. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून काढलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात याची नोंद आहे. जगभरचे ज्यू याच दिवशी, म्हणजे अव महिन्याच्या नवव्या तिथीला, जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा शोक करतात. अलिबाग, पेण, रोहा या भागात तेलाचे घाणे चालवणारी, मराठी बोलणारी आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे लावणारी ही माणसे. त्यांनी हजारो मैलांवरच्या एका पडलेल्या मंदिरासाठी पिढ्यानपिढ्या उपास का करावा? ज्यूंचे पितृभूमीशी असलेले नाते हे एकोणिसाव्या शतकात युरोपात शिजलेले राजकारण आहे, असे मानणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. कोकणातल्या या ज्यूंना कोणी छळले नव्हते आणि त्यांच्यात कसली चळवळही नव्हती. तरीही आठवण टिकली होती.

यावर पहिली शंका इतिहासाची. नवगावच्या किनाऱ्यावर समाजाच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आहे, तिला पुरावा नाही. इ. स. पू. १६५ च्या सुमारास सुरू झालेला हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता, म्हणजे पूर्वज त्याआधीच निघाले असले पाहिजेत, असा एक युक्तिवाद केला जातो. तो मला कच्चा वाटतो, कारण ज्यांचे हिब्रूसुद्धा विस्मरणात गेले त्यांनी एखादा सण विसरणे काही नवलाचे नाही. पण कथा बाजूला ठेवली तरी हाती पुष्कळ उरते. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. सुंता, आहाराचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. १७३८ साली एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशांश ठळकपणे आढळले. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले. इथले ज्यू प्रार्थनेला उभे राहतात ते जेरुसलेमच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेला तोंड करून. आणि एलियाहू प्रेषिताचा रथ मात्र त्यांच्या श्रद्धेत अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर उमटला आहे! तिथे जाऊन ते पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात. जेरुसलेम आणि खंडाळा यांतले एक निवडा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुसरी शंका अधिक टोकदार आहे. १८९७ मध्ये बाझेलला भरलेल्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे निमंत्रण या समाजाने नाकारले, परतीची वेळ देवच ठरवील या भावनेने. मग १९४८ नंतर हजारो लोक इस्रायलला गेले ते देवासाठी की पोटासाठी? इंग्रज गेल्यावर रेल्वे, टपाल, कस्टम्स या खात्यांतल्या नोकऱ्यांचे काय होणार, ही चिंता खरीच होती. पण नुसत्या पोटाच्या हिशेबाने पुढचे वर्तन उलगडत नाही. तिकडे वर्णभेद होतो अशी तक्रार करत काहींनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये ते भारतात परतले. त्यांतले बरेच नंतर पुन्हा गेले. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी लावली. अशा वेळी नुसता पोटार्थी माणूस मुकाट बसला असता किंवा निघून गेला असता. हे लोक १९६४ मध्ये जेरुसलेमला सत्याग्रहाला बसले आणि आपण पूर्ण ज्यू आहोत हे ऑगस्टमध्ये संसदेकडून मान्य करून घेतले. नाते खरे नसते तर त्याच्या मान्यतेसाठी एवढे भांडायचे कारण काय?

जुन्या नात्याने जमिनीवर हक्क मिळत नाही, हा तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे, अर्धा. ज्यूंचे त्या भूमीशी नाते जुने आहे. इजिप्तच्या मेर्नेप्ता राजाच्या सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या शिलालेखात 'इस्रायल' हे नाव कोरलेले आहे. पण नाते म्हणजे सातबारा नव्हे. तिथे शतकानुशतके नांदलेल्या पॅलेस्टिनी अरबांचे नातेही तितकेच खरे आहे आणि १९४८ मध्ये त्यांतले लाखो लोक बेघर झाले. ज्यूंची आठवण खरी ठरवण्यासाठी अरबांची खोटी ठरवण्याची गरज नाही. उलट दिशेनेही तेच. बदलापूर-अंबरनाथ परिसरातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. शेजारच्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. सिंध गेले, त्यांचा देव झुलेलाल राहिला. म्हणून कोणी कराचीवर हक्क सांगत नाही आणि त्यांची ओढ खोटीही ठरत नाही.

भारतात आता बेने इस्रायल पाच हजारांहून कमी उरले आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघते, म्हणजे ओढ आता उलट्या दिशेनेही आहे. बदलापूरहून लोकलने मुंबईला जाताना ठाणे लागते. तिथे या समाजाचे १८७९ सालचे 'शआर हाशामाइम' सिनेगॉग आहे. इस्रायलबद्दल तावातावाने मत देण्याआधी या शेजाऱ्यांचा इतिहास एकदा वाचावा.