अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या मुलाची पुढील निगा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खते यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण तोही आपल्याच घरांतला आहे. गटागटांतून हिंडताना शेतकी खात्याच्या माणसांना एक बोल वारंवार ऐकू येतो : "साहेब, पोर वाचलं खरं, पण पहिल्यासारखं राहिलं नाही."

असे का होते, ते मण्यारीच्या दंशावरून समजून घेऊ. या विषाने मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून घशात नळी घालून व्हेंटिलेटरने श्वास द्यावा लागतो. कडक न्यूमोनियातही ही वेळ येते. पोर वाचते, पण बरेच दिवस निजून राहिल्याने हातापायांची ताकद जाते. नळीमुळे आवाज बसतो, गिळताना ठसका लागतो. गुंगीत झालेल्या भासांची भीती मनात राहते. मग पोर रात्री ओरडत उठते, आईला सोडत नाही, अंथरूण ओले करते. शाळेत लक्ष लागत नाही. हे ढोंग नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. अशा त्रासाला डॉक्टरांनी २०१२ साली नाव दिले आणि २०१८ साली मुलांसाठी त्याची वेगळी मांडणी केली. तीत आईवडील आणि भावंडेही धरली आहेत.

ती धरणे योग्यच आहे. दवाखान्याच्या दारात दिवस काढलेल्या आईला घरी आल्यावरही झोप लागत नाही. पोर खोकले तरी तिच्या छातीत धस्स होते. बापाच्या डोक्यावर हातउसन्याचा बोजा असतो. आजीकडे ठेवलेले धाकटे भावंड अबोल होते.

तोडणी झाली म्हणून आपण फड सोडून देतो काय? बुडखे छाटणे, नांग्या भरणे ही खोडव्याची कामे लगेच सुरू होतात. मुलाचेही तसेच आहे.

१) घरी सोडताना डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : खायला काय द्यावे, व्यायाम कोणता, पुन्हा कधी दाखवावे आणि कोणती खूण दिसल्यास ताबडतोब यावे. धाप, झटके, वारंवार ठसका किंवा ग्लानी दिसल्यास वाट पाहू नये.

२) रोज थोडे थोडे चालवावे, खेळू द्यावे. एकदम जोर नको.

३) झाल्या प्रकाराविषयी पोर विचारील, तर त्याला समजेल अशा शब्दांत खरे सांगावे. दटावू नये.

४) शाळा आधी अर्धा दिवस करावी. गुरुजींना सगळी कल्पना द्यावी.

५) २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात. त्यांना दवाखान्याचा कागद दाखवावा.

६) आईवडिलांची झोप उडाली असेल, जीव घाबरत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फुकट बोलता येते. त्यात कमीपणा नाही.

बहुतेक मुले काही महिन्यांत सुधारतात. काहींना वर्ष वा त्याहून जास्त लागते. धीर सोडू नये.

शेवटी एक कळकळीची गोष्ट. आपल्या फडात ऊस तोडणाऱ्या टोळीतले मूलही असेच कोपीवर परत येते. टोळी दुसऱ्या फडावर जाते, पट्टा पडला की गावी जाते. कागद हरवतो आणि फेरतपासणी राहून जाते. पुढच्या डॉक्टरापुढे मग काहीच नसते. ज्याच्या फडात टोळी असेल त्या सभासदाने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईजवळ द्यावा, त्याची एक झेरॉक्स मुकादमाकडे ठेवावी आणि तपासणीच्या दिवशी गाडीची सोय करावी. एवढे केल्याने आपले फार काही जात नाही. त्या पोराचे मात्र पुढचे आयुष्य सावरते.

आपला,
ऊस विकास अधिकारी