नागपट्टणमचा चूडामणी विहार

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वर मंदिर, राजवाडा आणि सरस्वती महाल बघून परततो. पण जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या नागपट्टणम बंदरात एक मोठा बौद्ध विहार होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सुमात्रातल्या श्रीविजय साम्राज्याच्या राजाने, मारविजयोत्तुंगवर्म्याने, वडिलांच्या नावाने तो उभारला. बृहदीश्वर बांधणाऱ्या शिवभक्त राजराज चोळाने 1006 च्या सुमारास त्याला आनैमंगलम गाव इनाम दिलं. हत्तीण फिरवून गावाची शीव आखली! हे सगळं 21 ताम्रपटांवर कोरलेलं आहे, 5 संस्कृत आणि 16 तमिळ. डचांच्या काळात ते थेट लायडनला गेले.

विहार ओस पडला, तरी त्याचा विटांचा तिमजली मनोरा टिकून होता. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं तेव्हाही तो उभा होता. 1846 मध्ये ब्रिटिश अधिकारी वॉल्टर इलियट यांनी तो पाहिला. 1867 मध्ये जेझुइट मिशनऱ्यांनी सरकारी परवानगीने पाडला. माझ्या मते हे अक्षम्य नुकसान आहे.

परिसरात 350 च्या आसपास बौद्ध कांस्यमूर्ती सापडल्या. चेन्नईला गेलात तर एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात त्यातल्या काही आवर्जून बघा.