वैद्यकीय प्रवेश : गुणांइतकीच कागदांची तयारी

प्रवरा नदीवरील विल्सन धरण 1926 साली पूर्ण झाले आणि भंडारदऱ्याचे पाणी कालव्यांनी अहिल्यानगर जिल्ह्याच्या सपाटीवर पोहोचले. त्या पाण्यावर ऊस वाढला, प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1984 मध्ये लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भंडारदऱ्याहून घोटीकडे वळले, तर इगतपुरी तालुक्यातील धामणगाव येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही शेंडी, राजूर किंवा अकोले येथील विद्यार्थ्याला केवळ जवळपणामुळे तेथे जागा मिळत नाही. प्रवेशाचे नियम अंतर मोजत नाहीत. ते 'नीट'चे गुण आणि कागदपत्रे पाहतात.

2025 मध्ये 22 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली आणि 12 लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभर मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांत किती अंतर आहे, हे या आकड्यांवरून कळते.

दहावीनंतरचा निर्णय

शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि 85 टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र लागते. शिवाय काही अपवाद वगळता दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे राजस्थान-गुजरातशी नाते आहे. नातेवाइकांच्या आधाराने मुलाला कोट्यासारख्या शहरात पाठवून बारावीही तिथूनच करण्याचा विचार सहज होतो. त्या एका निर्णयाने राज्यातील 85 टक्के जागांचे दार बंद होऊ शकते, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे. शिकवणीसाठी नाशिक, लातूर, पुणे ही ठिकाणे राज्यातच आहेत.

लोणीची संस्था अभिमत विद्यापीठ आहे. तिथले प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून होतात. खासगी महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

अभ्यासाचा हिशेब

परीक्षा 180 प्रश्नांची आणि 720 गुणांची असते. त्यांपैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे. त्यामुळे एनसीईआरटीचे जीवशास्त्र ओळीओळीने वाचणाऱ्याचा पाया पक्का होतो. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीच्याला 1 गुण वजा होतो. म्हणजे येत असलेल्या प्रश्नात घाईने केलेली एक चूक 5 गुणांना पडते. सराव परीक्षेनंतर चुकांची वेगळी वही ठेवावी आणि नवा धडा घेण्यापूर्वी ती वाचावी. बारावीच्या परीक्षेकडेही दुर्लक्ष नको. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गांना 40 टक्के गुण आवश्यक आहेत.

कागदपत्रांची फाईल

जैन समाजाला 27 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या खासगी संस्थांत त्या त्या समाजासाठी जागा राखीव असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'जैन' अशी नोंद आहे का, हे दहावीतच तपासावे. कुटुंबाचे उत्पन्न 8 लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची पात्रता तहसील कार्यालयात विचारावी. अकोले तालुक्यातील महादेव कोळी, ठाकर समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी जात वैधता प्रमाणपत्र निर्णायक ठरते. त्याचा अर्ज अकरावीतच करावा, कारण निकालानंतर पडताळणीला वेळ उरत नाही. ज्यांच्या दुकानाच्या ओट्यावर ही मुले रोज येतात, त्या व्यापारी बांधवांनी हे त्यांच्या पालकांना सांगितले तरी मोठे काम होईल.

पसंतीक्रम भरताना 'आपल्याला कुठे मिळेल' यापेक्षा 'आपल्याला कुठे हवे' या क्रमाने महाविद्यालये लिहावीत. वरची पसंती न मिळाल्याने खालची जात नाही.

शुल्काचा विचार मुलाच्या गुणांइतक्याच शांतपणे करावा. एमबीबीएस साडेचार वर्षांचे आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. पहिल्या वर्षाची नव्हे, तर संपूर्ण काळाची बेरीज मांडूनच महाविद्यालय निवडावे. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँका सहसा तारण मागत नाहीत. त्याहून मोठ्या रकमेसाठी घर तारण ठेवण्याआधी एक वर्ष पुन्हा प्रयत्न करणे परवडेल का, हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलावा. नीट किती वेळा द्यावी, यावर मर्यादा नाही.

रुग्णसेवेला आपल्या परंपरेत वैयावृत्त्य म्हणजे अंतरंग तप मानले आहे, आणि औषधदान हे चार दानांपैकी एक. अहिल्यानगरात आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने उभे असलेले रुग्णालय हीच शिकवण सांगते. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. त्या वर्षासाठी डोंगराळ अकोल्यासारखा तालुका मागून घेणारा एखादा विद्यार्थी आपल्या घरातून निघाला, तर त्याची आजची जागरणे सार्थकी लागतील.