एका पत्त्याचे दोन धनी

विद्यार्थिमित्रहो, वर्गात हजेरी चालू आहे अशी कल्पना करा. गुरुजींनी 'सतरा' असे म्हणताच दोन कोपऱ्यांतून एकदम 'हजर' असा आवाज उठला, तर सतरा क्रमांकाची वही त्यांनी कोणाच्या हाती द्यावी? असाच घोटाळा हल्ली घरोघरच्या संगीतयंत्रांत होतो आणि कारण न उमगल्यामुळे निर्दोष यंत्रावर बिघाडाचा ठपका येतो.

आमच्या आजीच्या खोलीत वाय-फायवर चालणारा एक स्पीकर आहे. पहाटे अभंग ऐकल्यावाचून तिचा दिवस सुरू होत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज जाऊन परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून अभंग मध्येच तुटू लागले. एक चरण ऐकू येई, दुसरा हरपे. आठवड्याभराने आजी म्हणाली, "राहू दे रे, तुमची यंत्रे तुम्हांलाच लखलाभ!" आणि तिने ऐकणेच सोडले. काका तर नवा स्पीकर आणावयास निघाले होते. परंतु दोष स्पीकरचा नव्हता. दोष पत्त्याचा होता.

घरातील जाळ्यास जोडलेल्या प्रत्येक यंत्रास एक आयपी पत्ता असतो. १९२.१६८.१.२० अशा चार संख्यांचा तो बनतो व प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधील असते. बहुधा राउटर हे पत्ते ठराविक मुदतीने आपण होऊन वाटतो. या वाटपपद्धतीस डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ साली आखली गेली. काकांनी मात्र स्पीकर बसविताना त्यात वरील पत्ता स्वहस्ते कायमचा लिहिला होता. राउटरला याची वार्ता नव्हती आणि त्याच्या वाटपाच्या २ ते १०० या टप्प्यातच हा २० क्रमांक येत होता. वीज येताच राउटर जागा झाला. जुन्या वाटपाची नोंद पुसली गेली होती. स्पीकर सावरण्यापूर्वीच ताईच्या फोनने पत्ता मागितला आणि राउटरने नेमका तोच देऊन टाकला!

प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेली मॅक क्रमांक नावाची आणखी एक ओळख असते. कोणता पत्ता कोणत्या मॅक क्रमांकाचा, याचे कोष्टक राउटर ठेवतो. एकाच पत्त्यावर दोघे हक्क सांगू लागले की ही नोंद वरचेवर बदलते आणि अभंगाचे तुकडे कधी स्पीकरकडे, तर कधी फोनकडे जातात.

यावर तीन उपाय आहेत. पहिला व सर्वोत्तम उपाय असा की, स्पीकरमध्ये काहीच न लिहिता राउटरमध्येच त्याच्या मॅक क्रमांकासाठी एक पत्ता राखून ठेवावा. दुसरा, पत्ता हाताने लिहावयाचाच असेल, तर तो वाटपाच्या टप्प्याबाहेरचा निवडावा. तिसरा, घरात पत्ते वाटणारा एकच असावा. लांबच्या खोल्यांसाठी दुसरा राउटर लावल्यास त्याचे डीएचसीपी बंद करून त्याला केवळ वाय-फाय पोहोचविण्याचे काम द्यावे. नाही तर फोन एका जाळ्यात व स्पीकर दुसऱ्या जाळ्यात जाऊन परस्परांस दिसेनासे होतात. यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्यास कोणीच पत्ता दिला नाही व त्याने तो स्वतःच योजला, असे समजावे.

काकांनी पहिला उपाय योजला. खर्च एका पैचाही आला नाही. त्यानंतर वीज अनेकदा गेली आणि आली, परंतु आजीचा अभंग तुटला नाही. तेव्हा मित्रहो, घरातील गाणे अडखळू लागले, तर यंत्र टाकून देण्याआधी राउटरची यादी उघडा आणि एका पत्त्याला दोन धनी तर नाहीत ना, हे पाहा.