झाडी एकाला दिसते, दुसऱ्याला नाही

रणगाडा चालवण्याचा बराचसा सराव आता सिम्युलेटरवर होतो. अमेरिकेच्या 'डार्पा'ने १९८०च्या दशकात 'सिमनेट' उभारून दूरदूरच्या तळांवरचे सिम्युलेटर एकाच आभासी रणांगणात जोडले. पुढे १९९३ मध्ये 'डीआयएस' आणि २००० मध्ये 'एचएलए' ही आयईईईची मानके आली. यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. पण तेवढ्याने लढत बरोबरीची होत नाही.

समजा, एका यंत्राच्या नकाशात झाडी आहे, दुसऱ्याच्या नाही. पहिला जवान आडोशाला निर्धास्त बसलेला. समोरच्याला मात्र तो उघड्या माळावर दिसतो. गोळी लागते. लबाडी कोणीच केलेली नसते! दुसरी भानगड वेळेची. प्रत्येक हालचाल सतत कळवणे परवडत नाही, म्हणून दोन संदेशांच्या मधली जागा यंत्र आधीच्या वेगावरून अंदाजाने ठरवते. संदेश रेंगाळला, की नेम धरूनही वार हुकतो.

आम्हा डॉक्टरांना हे दुखणे ओळखीचे आहे. उपाशीपोटी साखर ७ मिलिमोल म्हणजेच १२६ मिलिग्रॅम, मधुमेहाची सीमा. एकक गळाले, तर नुसता ७ कसला?

मला काळजी वाटते ती हार-जितीची नव्हे, सवयीची. आडोसा निरुपयोगी, हे शरीर एकदा शिकले की खऱ्या चकमकीतही ते तसेच वागू शकते. म्हणून सरावाआधी दोन्हीकडचे नकाशे ताडावेत आणि बाजू बदलून तीच चकमक पुन्हा खेळवावी. खेळाडू बदलूनही दरवेळी तीच खुर्ची जिंकली, तर आधी यंत्र तपासावे.